बहात्तराने भागलेलं विमान

खेळण्यांच्या दुकानातून प्लास्टिकचं एक लढाऊ विमान आणा. त्याच्या शेजारी दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरचं, एखाद्या हौशी माणसाने महिना-दीड महिना खपून केलेलं मॉडेल ठेवा. दोन्ही वीतभर, दोन्ही प्लास्टिकची, दोन्हींना पंख, पंखा, चाकं. तरी शाळकरी पोरगंही एका नजरेत सांगतं की हे खेळणं आणि ते खऱ्यासारखं. कशावरून ओळखलंस, असं विचारलं की मात्र पंचाईत. आकारावरून म्हणावं तर खेळण्याचा आकार पुष्कळदा ठीकच असतो. बारकाव्यांवरून म्हणावं तर रिव्हेटच्या टिकल्या खेळण्यावरच जास्त उठून दिसतात.

सहज सुचणारं उत्तर असं, की मॉडेलमध्ये प्रत्येक माप बरोबर लहान केलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. प्रत्येक माप खरोखर लहान केलं, तर विमानाचा काही भाग कागदाहून पातळ होईल, काही भाग दिसेनासा होईल आणि वजनासारख्या गोष्टी भलत्याच प्रमाणात घटतील. लांबी-रुंदी भागता येते. प्रकाश, डोळा आणि गुरुत्वाकर्षण भागता येत नाही. त्यामुळे चांगलं मॉडेल करणारा सतत ठरवत असतो, की कुठे हिशेब काटेकोर पाळायचा आणि कुठे मुद्दाम मोडायचा. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढलेलं स्पिटफायर मार्क १ हे एकच विमान समोर ठेवून ही ठरवाठरवी कशी चालते ते पाहू.

सहा फुटांचा माणूस, इंचाएवढा

लढाऊ विमानांची मॉडेल्स बहुतेक १/७२, १/४८ किंवा १/३२ या प्रमाणांत मिळतात. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्याला ७२ हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण तो फूट-इंचांच्या हिशेबातून आला आहे. सहा फुटांचे इंच होतात ७२. म्हणजे खरे सहा फूट मॉडेलवर एक इंच, आणि उंचापुरा वैमानिक बरोबर इंचभर. १/४८ मध्ये एका फुटाचा पाव इंच होतो. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने १९३६ साली ‘पेंग्विन’ नावाने प्लास्टिकच्या विमानांचे संच बाजारात आणले, ते १/७२ मध्येच. योगायोग असा, की स्पिटफायरचा पहिला नमुनाही त्याच वर्षी ५ मार्चला उडाला.

हे प्रमाण पक्कं रुजलं ते मात्र युद्धामुळे. युद्ध पुकारल्याला तीन दिवस होत नाहीत तोच, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिश हवाई दलाच्या स्पिटफायर वैमानिकांनी आपल्याच दलाची दोन हरिकेन विमानं शत्रूची समजून पाडली. एक वैमानिक त्यात मेला. आकाशातला काळा ठिपका आपला की परका हे काही सेकंदांत ओळखायचं कसं, हा पुढे प्रत्येक सैन्याचा प्रश्न झाला. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली देशभरातल्या शाळांतल्या मुलांना १/७२ प्रमाणातली पाच लाख लाकडी मॉडेल्स करायला सांगितली. ती सगळी काळ्या रंगाची. हिशेब सोपा होता. असं मॉडेल पस्तीस फुटांवर धरलं, की जवळपास अर्ध्या मैलावरचं खरं विमान जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. वर्गाच्या एका टोकाला मॉडेल आणि दुसऱ्या टोकाला तोफची. दारूगोळा न उडवता ओळखण्याचा सराव.

आज ज्याला आपण छंद म्हणतो त्याचा एक धागा असा थेट युद्धात गुंतलेला आहे. युद्धानंतर, १९५३ मध्ये, एअरफिक्स कंपनीने आपलं पहिलं विमान काढलं तेही स्पिटफायरच. प्लास्टिकच्या पिशवीत सुटे भाग, वर कागदाची घडी आणि किंमत दोन शिलिंग. पोरांच्या खाऊच्या पैशांत बसणारी. पुढे जपानमध्ये तामिया आणि हासेगावा, चेक देशात एडुआर्ड अशा कंपन्यांनी या कामाला घड्याळजीच्या पातळीवर नेलं.

साच्याचे नियम

किटच्या डब्यात काय असतं? प्लास्टिकच्या बारीक दांड्यांच्या चौकटीला लगडलेले पन्नास-साठ भाग. त्या दांड्यांच्या चौकटीला स्प्रू म्हणतात. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचे दाणे दोनशे अंशांच्या वर तापवून वितळवतात आणि पोलादी साच्यात प्रचंड दाबाने घुसवतात. साच्याच्या पोटातून फिरणारं पाणी ते गार करतं, साचा उघडतो, आतल्या सळ्या चौकटीला बाहेर ढकलतात आणि लगेच पुढचा घाणा.

मोदकाचा साचा वापरलेल्याला यातल्या निम्म्या गोष्टी आधीच ठाऊक आहेत. साच्याच्या दोन पाकळ्या मिटायच्या, उकड दाबायची, उघडायचं. मोदकाच्या दोन अंगांना पाकळ्या जुळल्याची बारीक रेघ उमटतेच. साचा जुना आणि सैल असेल तर तिथून उकड पातळ पापुद्र्यासारखी बाहेर येते. साच्याच्या कळ्या आत वळलेल्या असतील तर मोदक सुटायचा नाही, मोडेल. विमानाच्या साच्यालाही हेच नियम लागू. दोन अर्धुकांच्या सांध्यावर रेघ येते आणि झिजलेल्या साच्यात कडेला पापुद्रा सुटतो. स्पिटफायरचं धड पोकळ आणि आत वळणारं, त्यामुळे एकसंध निघूच शकत नाही. म्हणून ते डावं आणि उजवं असं दोन फाकांत येतं. सळ्यांनी ढकललेल्या जागी गोल वण राहतात. जिथे प्लास्टिकचा थर जाड, तिथे ते गार होताना जास्त आकसतं आणि वरून उथळ खळगा पडतो.

पण सगळ्यात मोठी अडचण पातळपणाची. वितळलेलं प्लास्टिक फार अरुंद फटीत शिरलं तर शेवटपर्यंत पोचण्याआधीच गोठतं. म्हणून कुठलीही कड साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नेणं साच्याला जड जातं. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. आता त्याला ७२ ने गुणा. ३६ मिलिमीटर! स्पिटफायरचे रचनाकार आर. जे. मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विमानाचा पंख त्या काळाच्या मानाने कमालीचा पातळ केला होता, मागची कड तर धारदारच. तिथे साडेतीन सेंटिमीटरची जाड पट्टी आली, तर तो पंख राहत नाही, फळी होते. डोळ्याला आकडा कळत नाही, पण फळी कळते. खेळणं खेळणं का दिसतं, याचं पहिलं कारण ही जाडी आहे.

म्हणून अनुभवी माणूस पंखाचे वरचे-खालचे भाग जोडण्याआधी त्यांच्या आतल्या बाजू वॉटर पेपरवर घासून मागची कड पातळ करतो. बाहेरून घासलं तर वरच्या रेघा पुसल्या जातील, म्हणून आतून. दहा-पंधरा मिनिटांचं कंटाळवाणं काम. पण त्याने मॉडेलमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या रंगानेही पडत नाही, असं माझं मत आहे.

┌─ चौकट ─ ७२ ने भागल्यावर आणि गुणल्यावर ─┐

पंखांचा पसारा : खरा ११.२३ मीटर, मॉडेलवर १५.६ सेंटिमीटर
लांबी : खरी ९.१२ मीटर, मॉडेलवर १२.७ सेंटिमीटर
वजन : खरं सुमारे २,६०० किलो, हिशेबाने ७ ग्रॅम (७२ × ७२ × ७२ ने भागून)
मॉडेलवरची अर्ध्या मिलिमीटरची कड : खऱ्यावर ३६ मिलिमीटर
मॉडेलवरची एक मिलिमीटर जाड काच : खऱ्यावर ७ सेंटिमीटरहून जास्त
माणसाचा केस, सुमारे ०.०७ मिलिमीटर : खऱ्यावर ५ मिलिमीटरची तार
३० सेंटिमीटरवरून मॉडेल पाहणं : खरं विमान २१.६ मीटरवरून पाहणं

└──────────────┘

जोड आणि लांबी

भाग स्प्रूवरून खुडायचे नाहीत. नेल कटरने थोडं अंतर ठेवून कापायचे, उरलेलं बोंड ब्लेडने तासायचं. मग जोडणी.

पॉलिस्टायरीनसाठी जो द्रव वापरतात त्याला सगळे गोंद म्हणतात, पण त्यात चिकट असं काहीच नसतं. तो एक द्रावक असतो. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने, तो फटभर पळतो. तिथलं प्लास्टिक मऊ पडतं, दोन्ही बाजूंच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की मागे एकच प्लास्टिक उरतं. जोड नाही, वेल्डिंग. हलका दाब दिला की फटीतून मऊ प्लास्टिकचा बारीक मणी वर येतो. तो पुसायचा मोह होतो; पुसायचा नाही. दिवसभर सुकू द्यायचा आणि मग घासायचा. त्यानेच फट भरते.

तरी फट राहिलीच तर लांबी भरायची. गाड्यांना रंग देणारा पेंटर जी युक्ती वापरतो तीच: लांबी, वॉटर पेपर, प्रायमर आणि तिरप्या उजेडात निरखणं. खरं स्पिटफायर काही डावी-उजवी फाक चिकटवून केलेलं नसतं. मॉडेलवर त्या चिकटवलेल्या सांध्याची फट राहिली की बाकी सगळी मेहनत पाण्यात.

कॉकपिटवरच्या पारदर्शक टोपणाची तऱ्हा निराळी. तिथे द्रावक सांडला की काच कायमची पिचते. फेविक्विकच्या जातीचा गोंद वापरला तर त्याची वाफ काचेवर पांढुरका थर धरते. म्हणून तिथे साधा फेव्हिकॉलच बरा. सुकला की पारदर्शक होतो, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसता येतो आणि त्या जोडावर काही भार नसतोच.

सात ग्रॅम आणि टायर

आता गुरुत्वाकर्षणाची गंमत. लांबी ७२ ने घटते तेव्हा पृष्ठभाग ७२ गुणिले ७२ ने आणि घनफळ ७२ गुणिले ७२ गुणिले ७२ ने घटतं. म्हणजे वजनाचा भागाकार ३,७३,२४८ ने. भरलेलं स्पिटफायर सुमारे २,६०० किलोंचं. हिशेबाने मॉडेलचे होतात सात ग्रॅम. खरं विमान धावपट्टीवर उभं असतं तेव्हा त्या अडीच टनांखाली टायर दबतात, जमिनीला टेकलेला भाग सपाट होतो आणि बाजू किंचित फुगतात. मॉडेलचं चाक भरीव प्लास्टिकचं, सात ग्रॅमच्या वजनाला ते काय दबणार? ते जमिनीला एका बिंदूवर टेकतं. पाहणाऱ्याला वाटतं, विमान जमिनीवर उभं नाही, नुसतं ठेवलंय.

उपाय अगदी किरकोळ. चाकाचा तळ कानशीने दोन-तीन वेळा घासून चपटा करायचा. बस्स. पंखांचे कोन चुकले तर लोक बोट दाखवतात, चाकांचं कुणाच्या लक्षात येत नाही. पण चपट्या चाकांचं मॉडेल जड दिसतं. आणि स्पिटफायरच्या चाकांचं एक वेगळंच प्रकरण आहे: पाय धडाजवळ बसवलेले आणि बाहेरच्या दिशेने मिटणारे, त्यामुळे दोन चाकांतलं अंतर कमी. मॉडेल करताना हे पाय थोडे जरी फाकले, तरी स्पिटफायरचा तो अरुंद, अवघडलेला पवित्रा जातो आणि भलतंच विमान उभं राहतं.

एकवीस मीटरवरून

मॉडेल आपण साधारण फूटभर अंतरावरून पाहतो. तीस सेंटिमीटर गुणिले बहात्तर म्हणजे २१.६ मीटर. तेवढ्या अंतरावरून खरं विमान कसं दिसेल? निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन जेमतेम वेगळा काढता येतो. २१ मीटरवर तो भरतो सुमारे सहा मिलिमीटर. त्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

विमानाच्या धडावर ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांना भिडतात त्या रेघा घ्या. खऱ्या विमानावर ती फट अगदी बारीक असते. २१ मीटरवरून तिची रुंदी कळायचा प्रश्नच नाही, फार तर एक पुसटशी काळसर सूचना दिसेल. मॉडेलवर ही रेघ ०.१ मिलिमीटरची कोरली तरी ती सात मिलिमीटरचा चर झाली. ०.२ ची कोरली तर बोटाएवढी नाली! जुन्या किटांत तर उंचावलेल्या रेघा आणि फुगीर रिव्हेट असत. अर्ध्या मिलिमीटरची टिकली म्हणजे खऱ्यावर साडेतीन सेंटिमीटरचा गोळा.

रिव्हेटच्या फुगीरपणाचं महत्त्व खुद्द स्पिटफायर बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. पत्र्याशी सपाट बसणारे रिव्हेट महाग आणि वेळखाऊ. ते कुठे टाळता येतील हे तपासायला सुपरमरीन कंपनीच्या लोकांनी वाटाण्याच्या डाळीचे दाणे सपाट रिव्हेटांच्या डोक्यांवर चिकटवले आणि विमान उडवून पाहिलं. सगळीकडे डाळ लावली तेव्हा वेग ताशी २२ मैलांनी उतरला. मग थोडीथोडी डाळ काढत पुन्हा उड्डाणं केली आणि कुठे फुगीर रिव्हेट चालतील, कुठे नाही, ते ठरवलं. ज्या विमानाला अर्धी डाळ जड झाली, त्याच्या मॉडेलवर साडेतीन सेंटिमीटरचे गोळे कसे शोभतील?

मग या रेघा अजिबातच काढू नयेत का? गणित म्हणतं, काढू नका. डोळा म्हणतो, काढा. पूर्ण गुळगुळीत मॉडेल पाहणाऱ्याला साबणाच्या वडीसारखं निर्जीव वाटतं, कारण विमान पत्र्यांचं असतं हे त्याला ठाऊक आहे आणि ते त्याला दिसायला हवं असतं. इथे हिशेब मोडायचा, पण जपून. रेघ बारीक कोरायची आणि तिच्यात पातळ केलेला, मूळ रंगाहून थोडाच गडद रंग सोडून वरचा पुसून घ्यायचा. काळा नाही. हिरव्यासाठी गडद हिरवट, तपकिरीसाठी गडद तपकिरी. अलीकडे प्रत्येक पत्र्याची कड काळी करून मधला भाग उजळ ठेवायची टूम निघाली आहे. फोटोत ती झकास दिसते. पण असं विमान कुठल्याही धावपट्टीवर कधी उभं नव्हतं.

रंगाच्या बाबतीतही तज्ज्ञांत वाद आहेत. लहान मॉडेलवर मूळ रंग गडद वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा, असं पुष्कळ जण मानतात; दूरच्या डोंगराचा रंग हवेमुळे फिकट होतो, हा त्यामागचा तर्क. एकवीस मीटरवर हवेचा परिणाम नगण्यच. पण खऱ्या विमानाला भर उन्हात पाहतात आणि मॉडेलला दिवाणखान्यातल्या दिव्याखाली, हा फरक मोठा आहे. घरातल्या उजेडात गडद रंग काळवंडतात. म्हणून पांढरा मिसळण्याची पद्धत बरोबर. फक्त तिचं श्रेय हवेला देऊ नये. कॉकपिटचा आतला हिरवट रंगही याच कारणाने एक पायरी उजळ घ्यावा आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंगाची झाक द्यावी, नाहीतर आत नुसतं अंधारं भोक दिसतं.

कड किती धूसर?

१९४० च्या स्पिटफायरवर वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी असे दोन रंगांचे नागमोडी पट्टे, पोटाला फिकट, हिरवट झाक असलेला ‘स्काय’. पट्ट्यांचा नकाशा ठरलेला होता. त्याच्या दोन आवृत्त्या होत्या, एक दुसरीची आरशातली प्रतिमा. ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीची जागा करड्या रंगाने घेतली, कारण लढाई आता इंग्लंडच्या शेतांवरून सरकून समुद्रापलीकडे आणि जास्त उंचीवर गेली होती. म्हणजे मॉडेलवर तपकिरी की करडा, हे आधी तारीख ठरवते.

दोन रंगांची सीमा कशी असावी, हा नवशिक्याचा नेहमीचा प्रश्न. फवाऱ्याने रंग दिल्यावर खऱ्या विमानावर ही कड इंचभर धूसर झाली असं धरा. इंचाचे ७२ भाग केले तर मॉडेलवर येतात ०.३५ मिलिमीटर. एअरब्रशने हाताने फवारलं की कड सहज दोन मिलिमीटर पसरते, म्हणजे खऱ्यावर चौदा सेंटिमीटर. ती धूसरता १/३२ च्या मोठ्या मॉडेलवर कदाचित खपेल, १/७२ वर नाही. त्यामुळे पट्ट्यांच्या कडेने रबरासारख्या चिकट मळलेल्या पदार्थाच्या बारीक सुरळ्या ठेवून त्यांच्या आडोशाने फवारतात. ब्रशने रंगवणाऱ्यांनी तर नाराज व्हायचं कारणच नाही. त्यांची स्वच्छ कड या प्रमाणात सत्याच्या जास्त जवळ जाते.

रंग शोधताना जुने कृष्णधवल फोटो फसवतात, हेही सांगायला हवं. त्या काळी वापरात असलेल्या एका प्रकारच्या फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे आणि पिवळाही कमी दिसे. ब्रिटिश विमानाच्या अंगावरच्या वर्तुळाचं बाहेरचं पिवळं कडं अशा फोटोत काळपट येतं आणि निळा फिकट पडतो. हे माहीत नसलं की माणूस फोटोवर हात ठेवून शपथेवर चुकीचा रंग देतो.

चिन्हं, आणि त्यांतून दिसणारे आपण

वर्तुळं, अक्षरं, क्रमांक हे सगळं डीकॅलच्या रूपात येतं. डीकॅल म्हणजे कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने धरून ठेवलेली, छापील आणि अतिशय पातळ फिल्म. पाण्यात बुडवली की ती कागदावरून सरकते आणि मॉडेलवर बसते. इथे एक खोड आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्याच खडबडीतपणामुळे प्रकाश विखुरतो आणि चकाकी जाते. त्यावर फिल्म बसवली की खाली हवा अडकते आणि तिरप्या उजेडात ती चांदीसारखी चमकते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात, त्यावर डीकॅल, आणि शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा द्राविडी प्राणायाम वाटतो, पण त्याला पर्याय नाही.

या चिन्हांत भारताचा इतिहासही सापडतो. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्पिटफायर स्क्वाड्रनच्या नावात ‘बडोदा’ होतं, कारण गायकवाडांच्या संस्थानाने तिच्यासाठी पैसा दिला होता; १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या नावात ‘हैदराबाद’. ही १५२ पुढे बर्मा आघाडीवर लढली तेव्हा तिच्या स्पिटफायरच्या अंगावर झेप घेणारा काळा चित्ता रंगवलेला असे. या पूर्वेकडच्या विमानांच्या वर्तुळातून मधला लाल ठिपका काढून टाकला होता. समोर जपानी होते आणि त्यांच्या विमानावर लाल गोळाच असे. हवेत क्षणभर दिसलेला लाल रंग आपल्याच माणसाचा जीव घेऊ शकत होता. म्हणून इथल्या वर्तुळात फक्त गडद आणि फिकट निळा.

भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये मिळालेली स्पिटफायर याच निळ्या खुणांची. पुढे हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मूळगावकर बर्माच्या याच मोहिमेत लढले होते. किटांच्या डब्यांवर बहुतेक इंग्लंडचंच आकाश रंगवलेलं असतं. इंफाळ-आराकानचं आकाश आपल्याकडच्या मॉडेलकारांनी जरा जास्त मनावर घ्यायला हवं. खरं विमान पाहायचं तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर आणि हरिकेन दोन्ही आहेत.

लाल चिंध्या आणि काजळी

शेवटचं काम मळवण्याचं, आणि इथेच बहुतेक जण वाहवत जातात. मळ कुठून येतो हे समजलं की तो कुठे नसावा हेही कळतं.

स्पिटफायर मार्क १ च्या पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन. त्यांच्या तोंडांवर लाल रंगाच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवत, म्हणजे आत धूळ जाऊ नये आणि उंचीवरच्या थंडीत बंदुका गोठू नयेत. गोळीबार केला की पट्टी फाटायची. आता मॉडेलवर लाल पट्ट्या शाबूत आहेत आणि तरी पंखाखाली गोळीबाराची काजळी ओढलेली आहे, असं असेल तर त्यातलं एक काहीतरी खोटं. विमान लढून आलंय की उडायच्या तयारीत आहे हे आधी ठरवा आणि मग ब्रश उचला. एग्झॉस्टच्या नळ्यांमागची करडी-तपकिरी ओढ हवेच्या प्रवाहाबरोबर मागेच जायला हवी. रंग खरवडला जातो तो पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिक आणि यंत्रज्ञ पाय ठेवून चढतात. पंखाच्या टोकाला कोण कशाला चढेल? आणि १९४० च्या त्या महिन्यांत कित्येक विमानं मळण्याइतकी जगलीच नाहीत. नवंकोरं स्पिटफायर दाखवणं हीसुद्धा इतिहासाला धरूनच असलेली गोष्ट आहे.

कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटीपर्यंत गेलेली रेडिओची तार मात्र विसरू नका. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीत न घालता, मऊ होईतो धरायचा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा. केसाएवढा धागा निघतो. जोरात ओढला तर तुटतो, फारच हळू ओढला तर जाड राहतो. चार-सहा वेळा केलं की हात बसतो.

सुरुवात करायची असेल, तर १/७२ मधलं एका इंजिनाचं विमान घ्या. स्पिटफायर किंवा हरिकेन. एअरब्रशच्या नादी सुरुवातीलाच लागू नका. धारदार ब्लेड, नेल कटर, चिमटा, कानस, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, दोन चांगले ब्रश आणि पाण्यात धुता येणारे ॲक्रिलिक रंग एवढं पुरे. द्रावक आणि वार्निश वापरताना खिडकी उघडी ठेवा, घासताना पेपर ओला करा म्हणजे धूळ नाकात जाणार नाही, आणि ब्लेड नेहमी बोटांपासून दूरच्या दिशेने चालवा. पंखांच्या मागच्या कडा जोडण्याआधी घासून घ्यायच्या. एकदा पंख चिकटले की आतून घासता येत नाही.